म्हातारखड्याचे दोन सोंडकिडे

वृंदा शेवडे आणि दिगंबर शेवडे हे दोघे एकच आहेत असं सरकारी यंत्राने जाहीर केलं, तेव्हा दोघे स्वयंपाकघरात उपमा खात होते आणि त्यात मीठ कमी आहे की नाही यावरही त्यांचं एकमत नव्हतं.

यंत्राला अर्थात माणसांबद्दल काही म्हणायचं नव्हतं. ते किड्यांबद्दल बोलत होतं. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला म्हातारखडा नावाचं जांभ्याचं पठार आहे. तिथे कारवीच्या झुडपांवर तांदळाच्या दाण्याएवढे, राखी-हिरवट, आखूड नाकाचे सोंडकिडे राहतात. जगात दुसरीकडे कुठे राहत नाहीत. त्यांच्या दोन जाती आहेत, हे या दोघांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शोधून काढलं होतं. इतर जोडपी त्या काळात महाबळेश्वरला जातात.

नवी जात सापडली की तिचं बारसं करायचा मान शोधणाऱ्याचा. पण स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा या मंडळींत संकेत आहे. तसं करणाऱ्याला शिक्षा काही नसते. फक्त परिषदेत चहाच्या वेळी त्याच्याजवळ कोणी उभं राहत नाही. तेव्हा दिगंबरने एका जातीला बायकोचं नाव दिलं, मायलोसेरस वृंदाए, आणि वृंदाने दुसरीला नवऱ्याचं, मायलोसेरस दिगंबरी. दोन्ही नावं एकाच लेखात, एकाच दिवशी छापून आली. सासूबाईंनी लेख हातात धरून पाहिला आणि म्हणाल्या, नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा असतो, किड्याला कशाला दिलंस?

सासूबाईंचा राग जुना होता. लग्नात त्यांना सुनेचं नाव बदलून दीप्ती ठेवायचं होतं. तांदळाचं ताट तयार, अक्षरं काढायला अंगठी दिगंबरच्या हातात. वृंदाने तळहाताने तांदूळ सारखे केले आणि म्हणाली, "आहे ते बरं आहे." दिगंबरने अंगठी परत बोटात घातली. मग जेवणाची पंगत बसली आणि विषय मागे पडला.

हे किडे शोधायचे कसे, तर छत्रीने. पांढरी छत्री उघडून कारवीच्या झुडपाखाली उलटी धरायची आणि फांदीवर काठीचा एकच टोला द्यायचा. छत्रीत पानं, काड्या, मुंग्या, कोळी आणि पुष्कळ कचरा पडतो. सोंडकिडाही पडतो, पण कचरा होऊन. धक्का बसला की तो पाय पोटाशी घेतो, नाक छातीला लावतो आणि मेल्याचं सोंग घेऊन पडतो. कोरड्या बीत आणि त्याच्यात काही फरक दिसत नाही. मग थांबायचं. मुंग्या निघून जातात, कोळी लपतात, आणि बऱ्याच वेळाने एखादी बी हळूच एक पाय बाहेर काढते. नवशिके तोवर छत्री झटकून पुढच्या झुडपाला लागलेले असतात. दिगंबरही झटकायचा. त्याला थांबणं कधी जमलं नाही. त्या दोन जातींचे जवळजवळ सगळे नमुने वृंदाच्या छत्रीतले होते.

सापडलेला किडा कोणत्या जातीचा, हे मात्र तोंडावरून कळत नाही. त्यासाठी नराचं पोट उघडून जननेंद्रिय काढावं लागतं. दिगंबरीचं टोकाला आकड्यासारखं वळलेलं, वृंदाएचं बोथट. माद्यांवरून काहीच सांगता येत नाही. कुलुपाला किल्ली लागावी तसं हे असतं: दुसऱ्याची किल्ली सहसा लागत नाही, म्हणून दोन जाती वेगळ्या राहतात. या ‘सहसा’वर पुढे बरंच अवलंबून होतं.

आता यंत्राकडे येऊ. लोक त्याला हुंग्या म्हणायचे. हुंग्या हवा ओढून घेतो. प्रत्येक जिवंत प्राणी हवेत स्वतःचे कण सांडत असतो: कातडीचा कोंडा, केस, वाळलेली विष्ठा. त्या कणांत त्याची जनुकं असतात. हुंग्या ती जाळीवर पकडतो, त्यांचा एक छोटा तुकडा वाचतो, आपल्याजवळच्या साठ्याशी ताडून बघतो आणि संध्याकाळपर्यंत त्या जागी कोण कोण राहतं याची यादी देतो. पूर्वी या कामाला दोन-तीन वर्षं लागत आणि तोपर्यंत मंत्री बदलत. आता मंत्री बदलायच्या आत पाहणी होऊ लागली, त्यामुळे सगळेच खूश होते. हुंग्याच्या पोटातला तो साठा दिगंबरने उभारला होता. ते त्याच्या निवृत्तीपूर्वीचं शेवटचं मोठं काम होतं, आणि काम चांगलं होतं हे वृंदाही नाकारत नव्हती.

म्हातारखड्यावर आता वीजप्रकल्पाचा वरचा तलाव व्हायचा होता. रात्री स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी महाग विजेसाठी खाली सोडायचं. पठारावर खाचर नाही, घर नाही, मतदारही नाही. म्हणजे जागा उत्तम. अडचण एकच. नव्या नियमाप्रमाणे जिथे दुसरीकडे न आढळणाऱ्या दोन किंवा अधिक जाती असतील, त्या जागेला हात लावता येत नव्हता. एकच असेल तर तिला उचलून पुनर्वसन केंद्रात ठेवता येत होतं. एकाचं पुनर्वसन होतं आणि दोघांचं होत नाही, यामागे काय विचार होता ते नियम करणाऱ्या समितीलाच माहीत. त्या समितीत दिगंबरही होता.

तर त्या सकाळी दिगंबरने चमचा खाली ठेवला आणि सांगितलं की म्हातारखड्याची यादी आली आहे. सोंडकिड्यांची जात एकच निघाली. दोघांचे तुकडे तंतोतंत सारखे.

वृंदाने त्याला आठवण करून दिली, की हुंग्या जो तुकडा वाचतो तो फक्त आईकडून मुलांत येतो, बापाचा त्यात काही हात नसतो. फार पूर्वी एखाद्या दिगंबरी मादीचं एखाद्या वृंदाए नराशी चुकून जमलं असेल, तर तिच्या पोरांच्या पोरांत दिगंबरीचाच तुकडा फिरत राहणार. मग किडे वेगळे असले तरी यंत्राला एकच दिसणार.

"म्हणजे आईवरून बापाची जात काढतोय तुझा हुंग्या," ती म्हणाली.

"नर दाखव मग. आक्षेपाची मुदत आहे," दिगंबर म्हणाला. "दोन्हींचे ताजे नर. याच हंगामातले."

तपासायला कोणाकडे जातील, असं तिने विचारलं. माझ्याकडेच, तो म्हणाला. राज्यात हे ओळखू शकणारी दोनच माणसं होती आणि दुसरीने आक्षेप घेतला होता.

आक्षेप घेणाऱ्याबरोबर कंपनीचा एक साक्षीदार हवा, म्हणून वृंदाला सुहास मोरस्कर मिळाला. हा जनसंपर्क अधिकारी. गुळगुळीत दाढी, नवे बूट, पाठीवरच्या पिशवीत थर्मास आणि बटाटेवडे. माणूस वाईट नव्हता. ज्याचा पगार घेतो त्याच्या बाजूने तो मनापासून होता. चढताना त्याने तलावाच्या काठी होणाऱ्या बागेचं वर्णन केलं. तिथे किड्याचा मोठा पुतळा बसवायचं ठरत होतं. फायबरचा, मुलांना वर बसता येईल असा.

पहिल्या झुडपावर टोला पडला. मोरस्करने छत्रीत डोकावून पाहिलं.

"मॅडम, हे सगळे मेलेत."

"सोंग आहे. थांबा."

"किती वेळ?"

"त्यांना वाटेल तितका."

मोरस्कर एक वडा संपेपर्यंत थांबला. मग दुसरा वडा संपेपर्यंत. शेवटी छत्रीतला एक राखी दाणा उलटा झाला, त्याने पाय ताणले आणि कापडावरून काठाकडे चालू लागला. मोरस्कर हसला. आमच्या हेड ऑफिसात असे बरेच आहेत, म्हणाला, साहेब गेले की चालू लागतात. वृंदाने किडा चिमट्याने उचलून बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये टाकला. या वेळी त्याने पाय पोटाशी घेतले ते कायमचे.

"एका किड्यासाठी एवढं, मॅडम?"

"दोन," वृंदा म्हणाली.

पुढचे काही आठवडे ती वर जात राहिली. किडे कमी झाले होते. पूर्वी एका टोल्याला मूठभर पडायचे, आता दहा टोल्यांना एखादा. पलीकडच्या उतारावरची कारवी पवनचक्क्यांच्या रस्त्यात गेली होती. जे मिळाले ते तिने जमवले, आणि एका रविवारी जेवणाच्या टेबलावर खिडकीकडच्या उजेडात मायक्रोस्कोप मांडला.

पहिल्या नराला आकडा होता. दिगंबरी. दुसऱ्याला आकडा, तिसऱ्यालाही. चौथ्याशी ती अडखळली. टोक वळलं होतं, पण अर्धवट. जणू वळता वळता विचार बदलला होता. तिने काच फिरवून पाहिली, प्रकाश बदलून पाहिला. पाचव्याचं टोक जरा जास्त बोथट, पण कडेला आकड्याची खूण होतीच. दुपारपर्यंत तिने सगळे उघडले. आकडेवाले होते आणि अर्धवट होते. निखळ बोथट एकही नव्हता.

दिगंबरने चहा आणून ठेवला. भांडणात पडतं घ्यायची ही त्यांच्या घरातली रीत होती. तिने मायक्रोस्कोपसमोरची खुर्ची सोडली. तो बसला, एकामागून एक काचा पाहिल्या आणि बराच वेळ डोळा वर केला नाही.

काय झालं होतं ते दोघांनाही कळलं होतं. वृंदाए आधी विरळ झाली असणार. इतकी विरळ, की तिच्यातल्या नराला स्वतःची मादी भेटेना. मग जी भेटली तिच्याशी त्याने जमवलं. किल्ली नीट लागत नव्हती, पण दुसरं कुलूपच नव्हतं. पोरं अर्धवट झाली, त्यांनी पुन्हा दिगंबरींशी जमवलं, आणि बघता बघता वृंदाए त्यांच्यात विरघळून गेली. कोणी मारली नाही. ती कुठे गेलीही नव्हती. फक्त आता वेगळी काढता येत नव्हती. दोघांनी नावं दिली त्या वर्षी जाती खरोखर दोन होत्या. आता एक होती. यंत्राने चुकीच्या कारणासाठी बरोबर उत्तर दिलं होतं, आणि अशा उत्तराला परीक्षेत पूर्ण गुण मिळतात.

"कपाटातल्या पेटीत जुने वृंदाए आहेत," दिगंबर म्हणाला. तो अजून मायक्रोस्कोपमध्येच बघत होता. "पाच-सहा काढ. टाचणीवरचं लेबल बदल."

वृंदाला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. या माणसाने उभ्या आयुष्यात बसचं तिकीट चुकवलं नव्हतं.

"आणि तू सही करशील?"

"करीन."

"ओळखशील ना पण, जुने आहेत ते?"

"म्हणून तर म्हणतो. दुसरं कोण ओळखणार आहे?"

"पठारासाठी?"

त्याने खुर्ची मागे सरकवली. "पठाराचं मला माहीत नाही. तुझं नाव राहील."

तिने पेटी काढली. डांबरगोळ्यांचा वास स्वयंपाकघरभर पसरला. टाचण्यांवर सगळे ओळीत होते, तेव्हाचे, खवले अजून चमकणारे. खाली लेबलं होती, दिगंबरच्या तरुण अक्षरात: म्हातारखडा, कारवीवर, छत्रीने, वृंदा. चिमटा हातात घेऊन ती चहा गार होईपर्यंत बसली. मग पेटीचं झाकण लावलं.

"यंत्र खोटं बोलतं म्हणून मी आक्षेप घेतला," ती म्हणाली. "आता मी खोटं बोलले तर आक्षेप कोणी घ्यायचा?"

दिगंबरने पेटी परत कपाटात ठेवली. तिने अहवाल लिहिला: जात एकच. शास्त्रात प्रामाणिकपणाची किंमत मोठी असते. या खेपेला ती पठाराने भरली.

एक काम राहिलं होतं. एका जातीला दोन नावं चालत नाहीत. एरवी जुनं नाव टिकतं. पण दोन्ही एकाच दिवशी छापलेली असली तर त्यांना प्रथम एक करणारा माणूस निवडतो, आणि ती निवड कायमची. हा मान अहवाल लिहिणारीचा होता. दिगंबरने सुचवून पाहिलं की वृंदाए ठेव. ती म्हणाली, उरलेत त्यांना आकडा आहे, बोथट कोणी नाही; नाव जिवंत असणाऱ्याचं राहावं. तिने दिगंबरी ठेवलं आणि वृंदाए खोडलं. लग्नात सगळ्या मांडवासमोर राखलेलं नाव तिने असं घरच्या टेबलावर, कोणी मागितलं नसताना काढलं. सासूबाई हयात असत्या तर त्यांना त्यात आनंद झाला असता की नाही, सांगता येत नाही.

आपल्यासाठी खोटं बोलायला तयार झालेला नवरा आणि ते नाकारणारी बायको, यांत जास्त कोण दुखावतं याचं उत्तर कोणत्याही यंत्राकडे नाही. दिगंबरने स्वतःला पुनर्वसन केंद्राच्या कामात जुंपून घेतलं. घाटाच्या पायथ्याशी मोठं काचघर उभं राहिलं, कुंड्यांतून कारवी लावली, वर पाण्याचे फवारे. पठारावरचे किडे मोठ्या पंपाने ओढून घ्यायचे, डब्यांत भरायचे आणि ट्रकने खाली आणायचे. आले की डब्यांतून तबकांत. तबकावर कॅमेरा. जो किडा हलेल तो जिवंत, त्याला कुंडीवर सोडायचं. ठरावीक वेळात जो हलणार नाही तो मेलेला. मेलेल्यांमुळे बुरशी पसरते, म्हणून तबक आपोआप तिरपं होऊन ते गरम पेटीत जायचे. व्यवस्था चांगली होती. यंत्रात फक्त एक आकडा भरायचा होता: वाट किती वेळ बघायची.

दिगंबरला ते नेमकं माहीत नव्हतं. आयुष्यभर छत्री झटकली होती. एका सकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर विचारलं, की तबकात पडल्यावर किती वेळ धरू.

वृंदा भाजी निवडत होती. तिला उत्तर माहीत होतं. एका टोल्याचं सोंग थोडक्यात उतरतं. पण वारंवार धक्के बसले तर किडा अर्धा अर्धा दिवस पाय सोडत नाही, हे तिने पूर्वी बाटली घेऊन एसटीने येताना पाहिलं होतं. तिने मान वर केली नाही.

"तुला वाटेल तितका," ती म्हणाली.

तो केंद्रावर गेला. त्याने भरपूर वेळ भरला. म्हणजे त्याला जितका भरपूर वाटला तितका. वर स्वतःच्या मनाने आणखी तासभर घातला.

किडे आणायच्या दिवशी वृंदा जाणार नव्हती. तिने भाजी निवडून फ्रीजमध्ये ठेवली, पेपर वाचला, मग ट्रक, घाट, वळणं आणि पंपाची धडधड यांचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला. तिने दिगंबरला फोन लावला. कार्यक्रम चालू होता, त्याने फोन बंद ठेवला होता. तिने छत्री घेतली आणि रिक्षा केली. छत्री का घेतली ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती पोचली तेव्हा भाषणं संपली होती. मांडवात खुर्च्या रचल्या जात होत्या. फाटकाशी मोरस्कर भेटला, हातात पेढ्यांचा बॉक्स. चेहरा पडलेला होता, पण बॉक्स त्याने सवयीने पुढे केला.

"मॅडम, घाटातच गेले सगळे. एकसुद्धा हलला नाही. साहेबांनी भरलेल्या वेळेपेक्षाही जास्त थांबलो आम्ही. पाहुणे खोळंबले."

"पंपानंतर वर किती उरले?"

"वर काही ठेवायचं नव्हतं ना, मॅडम. तीन वेळा फिरवला पंप. परवापासून खोदाई आहे."

वृंदाने गरम पेटी कुठे आहे ते विचारलं.

पेटी मागच्या अंगणात होती. तिची फेरी होऊन गेली होती, पत्रा अजून कोमट होता. दिगंबर शेजारच्या पायरीवर बसला होता, गळ्यात झेंडूचा हार तसाच. तिला पाहून तो उठला नाही. पेटीत गेलेले मेलेले नव्हते, हे त्याला आता कळलेलं होतं; त्याच्या बसण्यावरून ते दिसत होतं. तिला तिचं वाक्य आठवत होतं आणि त्यालाही आठवत होतं, आणि दोघांपैकी कोणी ते काढलं नाही.

काचघराच्या दारावर हुंग्या लावलेला होता. पेटीच्या धुराड्यातून आलेली बारीक धूळ त्याने दिवसभर मनसोक्त ओढली होती. त्याच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत त्या दिवसाची यादी उमटली होती: मायलोसेरस दिगंबरी, विपुल. इतके किडे म्हातारखड्यावर त्याला कधी मिळाले नव्हते.

वृंदाने पेटीचा खालचा कप्पा ओढला. पांढरी छत्री उघडून जमिनीवर उलटी ठेवली आणि कप्पा तिच्यात ओतला. राखी दाण्यांचा ढीग झाला. तिने तो बोटांनी हळूच पसरला, ताटातले तांदूळ सारखे करावेत तसा, आणि छत्रीशेजारी मांडी घालून बसली.

दिगंबर पायरीवरून उतरून तिच्या समोर बसला. मांडववाल्यांनी सतरंज्या गुंडाळल्या. मोरस्कर एकदा डोकावून गेला. कोणीतरी दोन कप चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. एक मुंगी छत्रीत चढली, दाण्यांवरून फिरली आणि पलीकडून उतरली. ऊन काचघरावरून भिंतीवर गेलं.

"अजून थोडं थांबू," दिगंबर म्हणाला.

वृंदाने मान हलवली. छत्रीत काही हललं नाही. त्याने झटकली नाही.